कस्टम मोल्डेड इन-इयर मॉनिटर पहिल्यांदा बनवताय? माप, मटेरियल आणि फिटिंगचं सगळं सांगतो

मी लातूरकडचा. गायन पार्टीत गातो, गरज पडली की कीबोर्डवर पण बसतो. १४ जानेवारीला नामांतर दिनाच्या कार्यक्रमापासून आमची धावपळ चालू होते, मधे लग्नाच्या ऑर्डरी, मग एप्रिलमधे भीमजयंती, आणि जयंतीचे कार्यक्रम गावोगाव मे महिन्यापर्यंत चालतात हे तुम्हाला माहीतच आहे. स्टेज कसलं असतं ते पण माहीत आहे. दोन्ही बाजूला बेसच्या थप्प्या, मागं ढोलकी आणि ऑक्टोपॅड, आणि पायाजवळ ठेवलेल्या मॉनिटरमधून आपला आवाज सोडून बाकी सगळं ऐकू येतं. मग माणूस घसा ताणून गातो, तिसऱ्या दिवशी आवाज बसतो.

म्हणून मी कस्टम इन-इयर, म्हणजे स्टेजवरचा आवाज थेट कानात देणारे, स्वतःच्या कानाच्या मापाचे मॉनिटर बनवून घेतले. पहिला जोड पूर्ण वाया गेला, दुसरा आता तीन सीझन झाले वापरतोय. नांदेड, परभणी, अंबाजोगाईकडची पोरं फोन करून विचारतात, दादा किती ड्रायव्हरचा, म्हणजे आतल्या बारीक स्पीकरचा, घेऊ, आठचा घेऊ का बाराचा, आणि मी प्रत्येकाला एकच विचारतो की माप कुठं देणार आहेस. तिथं सगळे गप्प होतात. आतल्या ड्रायव्हरची निवड नंतरची गोष्ट आहे, तुमच्या कानाचं माप जर चुकलं तर आत सोनं भरलं तरी बेस येणार नाही, आणि हे समजायला मला एक पूर्ण जोडाचे पैसे घालावे लागले.

१. आधी बघा, कस्टम खरंच लागतंय का

वर्षात चार-पाच कार्यक्रम करत असाल तर साधे रेडीमेड इन-इयर घ्या आणि त्याला फोमचे टिप लावा. फोम दाबून आत घातला की फुगतो आणि कान बऱ्यापैकी बंद करतो. मधला रस्ता पण आहे, तुमच्या रेडीमेडवर बसेल असं फक्त सिलिकॉनचं कस्टम टिप बनवून मिळतं, माप तेच लागतं पण खर्च कमी येतो आणि उद्या इन-इयर बदलायचा झाला तर त्या मापावर पुन्हा टिप करता येतं.

महिन्याला आठ-दहा स्टेज असतील, गाताना रेडीमेड निसटत असेल, घामानं फोम घसरत असेल, तर कस्टमकडं वळा. हे सगळं निघालंच मुळात स्टेजच्या गोंगाटातून. १९९५ मधे जेरी हार्वी नावाच्या साउंड इंजिनिअरनं व्हॅन हेलन बँडच्या ड्रमरसाठी असा कानाच्या मापाचा मॉनिटर केला आणि त्यातूनच अल्टिमेट इयर्स ही कंपनी उभी राहिली. ड्रमरचा त्रास आणि आपल्या ढोलकीवाल्याचा त्रास एकच आहे.

२. कान-नाक-घशाच्या डॉक्टरला कान दाखवा

ही पायरी कोणीच करत नाही आणि सगळ्यात स्वस्त हीच आहे. कानात मळ असेल तर माप कानाचं येत नाही, मळाचं येतं. बड घालून घरी साफ करू नका, त्यानं मळ अजून आत सरकतो. डॉक्टरकडून काढून घ्या, काढल्यावर कान दुखत असेल किंवा लाल असेल तर दोन-चार दिवस थांबून मग माप द्या.

कान फुटलेला असेल म्हणजे पडद्याला छिद्र असेल, कान वाहत असेल, लहानपणी कानाचं ऑपरेशन झालेलं असेल, तर हे डॉक्टरला आणि माप घेणाऱ्याला दोघांनाही स्पष्ट सांगा. माप घेताना पातळ सिलिकॉन आत सोडतात, ते छिद्रातून पडद्याच्या पलीकडं गेलं तर काढायला ऑपरेशन करावं लागू शकतं, म्हणून लपवू नका.

त्याच फेरीत ऐकण्याची तपासणी, म्हणजे ऑडिओग्राम, करून कागद जपून ठेवा. आमच्या पार्टीतल्या ढोलकीवाल्या काकांनी तीस वर्षं स्टेजवर घातली आणि आता समोर बसून बोललं तरी दोनदा विचारतात, नातवाचा बारीक आवाज तर येतच नाही म्हणतात. त्यांच्याकडं जुना एक कागद असता तर कधीपासून कमी व्हायला लागलं ते वेळेत तरी समजलं असतं.

३. मटेरियल: ॲक्रिलिक का सिलिकॉन

इथं लई गोंधळ असतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ॲक्रिलिक म्हणजे कडक, काचेसारखं गुळगुळीत. आजकाल तुमच्या मापाचं थ्रीडी स्कॅन करतात, कॉम्प्युटरवर आकार साफ करतात आणि अल्ट्राव्हायोलेट उजेडानं घट्ट होणाऱ्या रेझिनमधे प्रिंट काढतात. कवच आतून पोकळ असतं, ड्रायव्हर आणि क्रॉसओव्हर (जाड-बारीक आवाज ड्रायव्हरला वाटून देणारं सर्किट) आत बसवून वरून झाकण लावून सील करतात. फायदा काय, तर उद्या ड्रायव्हर गेला की झाकण उघडून बदलता येतो, कुठं टोचत असेल तर तेवढा भाग घासून पॉलिश करता येतो, सैल असेल तर थर चढवता येतो. कानात घालायला-काढायला सोपं, घाम पुसला की स्वच्छ. तोटा एकच पण मोठा, की ते वाकत नाही. तुमचा कान हलतो पण ते हलत नाही.

आता कान हलतो म्हणजे काय, हे आत्ताच करून बघा. करंगळी कानात हलकी ठेवा आणि तोंड मोठं उघडा, मिटा. बोटाच्या पुढच्या बाजूला जागा मोकळी झालेली कळेल. जबड्याचा सांधा कानाच्या नळीला अगदी चिकटून पुढं आहे, तोंड उघडलं की तो पुढं सरकतो आणि नळीचा आकार बदलतो. कोणाचा थोडा, कोणाचा खूप. गाणारा माणूस तासभर तोंड उघडतो-मिटतो, वरच्या सुराला तर जबडा पूर्ण खाली जातो, त्या वेळी कडक कवचाच्या बाजूला फट पडते आणि बेस गायब होतो.

सिलिकॉन मऊ असतं, जबड्याबरोबर थोडं दबतं आणि परत फुगतं म्हणून गाताना सील, म्हणजे कान फट न राहता बंद असणं, टिकून राहतं, बाहेरचा आवाज पण जरा जास्त अडवतं. त्याचा मऊपणा शोअर नावाच्या मापात सांगतात, कानाच्या मोल्डला २५, ४०, ६०, ७० असे नंबर येतात, आकडा कमी म्हणजे मऊ. लई मऊ घेतलं तर घालताना दुमडतं, लई कडक घेतलं तर सिलिकॉन घेऊन उपयोग काय, म्हणून इन-इयरला ४० ते ६० च्या आसपासचं विचारा. पण सिलिकॉनचे तोटे पण ऐका. आतले पार्ट सिलिकॉनमधेच ओतून बसवलेले असतात, त्यामुळं बिघडलं तर उघडून दुरुस्त करणं अवघड, कितीकदा कवच नवंच करावं लागतं. घासून माप कमी करायला पण ॲक्रिलिकसारखं सोपं नाही. आणि धूळ, कापसाचे तंतू, खिशातला कचरा सगळं चिकटतं, आपल्याकडं उन्हाळ्यात मंडपाबाहेर गाडी आली की काय धूळ उडते ते तुम्ही बघताच.

तिसरं एक व्हिनाइल म्हणून असतं, जुन्या मोल्डमधे आणि काही ठिकाणी नुसत्या कानात जाणाऱ्या टोकाला वापरतात. मऊ असतं, पण वर्षं गेली की आकसतं, पिवळं पडतं, कडक होतं. पूर्ण जोड व्हिनाइलमधे करू नका असंच मी सांगेन.

मग घ्यायचं काय? वाजवणाऱ्यांनी, म्हणजे ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड, बेस गिटारवाल्यांनी डोळे झाकून ॲक्रिलिक घ्या. गाणाऱ्यांनी करंगळी घालून ती तोंड उघडायची टेस्ट नीट करा, जबड्याची हालचाल खूप जाणवत असेल तर सिलिकॉन, थोडीच जाणवत असेल तर ॲक्रिलिक पण माप तोंड उघडं ठेवून दिलेलं. मी स्वतः गातो आणि तरी ॲक्रिलिकच वापरतो, कारण दुरुस्तीला सोपं पडतं आणि माझं दुसरं माप बरोबर आलं. अंगाला लगेच पुरळ येणारी माणसं असतील तर ऑर्डर देतानाच सांगा, रेझिन पूर्ण पक्कं झालेलं नसलं तर कानाला खाज सुटू शकते, अशा वेळी मेडिकल ग्रेड सिलिकॉन जास्त बरं.

४. माप देणं, सगळी मेहनत इथं लावा

याला इम्प्रेशन म्हणतात. कानाच्या मशीनचे मोल्ड करायला जे माप घेतात तेच काम आहे, त्यामुळं मुंबई-पुण्याला जायची गरज नाही, आपल्या छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूरसारख्या शहरात श्रवणयंत्राच्या सेंटरवर ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारा तज्ज्ञ, भेटतो. फक्त माणूस बघून घ्या. ऑडिओलॉजीची पदवी आणि आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते सरळ विचारा, यात लाजायचं काही नाही.

माझं पहिलं माप एका दुकानात काउंटरवरच्या पोरानं घेतलं. आत बॅटरी मारून बघितलं नाही, तोंड मिटलेलं, पाच मिनिटांत मोकळं. जोड आला, घरी बसून ऐकलं तर एक नंबर वाटला. मग धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावात स्टेजवर चढलो, पहिल्याच गाण्यात वरचा सूर लावला आणि डाव्या कानातला ठेका एकदम पातळ झाला, तोंड मिटलं की परत आला, परत उघडलं की गेला. मी काय केलं, कमरेच्या बेल्टपॅकवरचा, म्हणजे इन-इयरला आवाज देणाऱ्या डबीवरचा, व्हॉल्यूम वाढवत गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कानात किर्रर्र आवाज चालू होता. ते मला कोणावर येऊ द्यायचं नाही, म्हणून पुढचं नीट वाचा.

माप घ्यायच्या आधी ऑडिओलॉजिस्टला हे तीन सांगून ठेवा:

- माप इन-इयर मॉनिटरसाठी आहे, साध्या मशीनच्या मोल्डसाठी नाही, म्हणून नळीच्या दुसऱ्या वळणाच्या पुढंपर्यंत पाहिजे.
- तोंड उघडं ठेवून पाहिजे, दातात ठोकळा धरून.
- कानाची बाहेरची वाटी आणि वरची कड पूर्ण भरलेली पाहिजे, कारण मोल्ड तिथंच अडकून बसतो.

दुसऱ्या वळणाचं कारण सांगतो. कानाची नळी सरळ नसते, आत जाताना दोनदा वळते. पहिल्या वळणापर्यंत भिंत मऊ असते, हलती असते, दुसऱ्या वळणाच्या पुढं हाडाचा भाग लागतो. मोल्ड जर उथळ राहिला तर सील नुसत्या हलत्या भागात राहतं. वरून आपलाच आवाज डोक्यात मडक्यात बोलल्यासारखा घुमतो, आणि गाणाऱ्याला तो घुमारा फार त्रास देतो, सूर कुठं लागतोय ते समजत नाही.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो म्हणजे घाबरणार नाही. माझ्या दुसऱ्या वेळी ऑडिओलॉजिस्ट ताईंनी आधी बॅटरीच्या यंत्रानं दोन्ही कान आतून बघितले. मग दोरा बांधलेला फोमचा छोटा गोळा चिमट्यानं आत सरकवला, तो पडद्याला सिलिकॉन लागू नये म्हणून असतो, आत जाताना खोकला आला तर घाबरू नका, काही जणांना येतो. मग दातात साधारण एक इंचाचा ठोकळा दिला, म्हणाल्या, "दादा, आता बोलू नका, गिळू नका, मान पण हलवू नका." दोन रंगांचं सिलिकॉन हातावर मळून सिरिंजमधे भरलं आणि टोक आत ठेवून सोडत सोडत बाहेर आल्या. थंडगार लागतं. आधी पंख्याचा आवाज बंद झाला, मग रस्त्यावरच्या ऑटोचा, आणि शेवटी फक्त स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. साधारण पाच मिनिटं तसंच बसायचं. घट्ट झालं का ते ताई उरलेल्या गोळ्यावर नख दाबून बघत होत्या, खूण राहिली नाही म्हणजे झालं. मग कान हळूहळू मागं-पुढं ओढून हवा आत जाऊ दिली आणि वरच्या कडेपासून फिरवत बाहेर काढलं. शेवटी परत बॅटरी मारून आत काही राहिलं नाही ना ते बघितलं, हे त्यांनी विसरलं तर तुम्ही आठवण करा.

माप हातात आलं की उठायच्या आधी बघा. दोन वळणं दिसतायत का. टोक पुरेसं लांब आहे का. कुठं हवेचा खड्डा, बुडबुडा, दुमड किंवा थरामधली रेष आहे का. वाटीचा भाग गुळगुळीत भरलाय का, का वरून तळहातानं चपटा दाबलाय. एक जरी दोष दिसला तरी हात जोडून सांगा, परत घ्या म्हणून. मला दोन्ही कानांचे बाराशे लागले होते, परत घ्यायला अजून थोडे लागले असते तरी चाललं असतं, पण पूर्ण जोड परत करायचा म्हणजे किती ते तुम्हीच हिशोब करा.

माप घ्यायच्या दिवशी पान-गुटखा खाऊन जाऊ नका, पाच मिनिटं थुंकता येत नाही आणि सारखं गिळलं की नळी हलते.

५. ऑर्डर, पार्सल, कागदपत्रं

भारतात पण बनवणारे आहेत, बाहेरच्या देशातून पण मागवता येतं. फरक असा की रीफिटला, म्हणजे फिटिंग दुरुस्त करायला, परत पाठवायचं झालं तर बाहेरच्या देशात प्रत्येक फेरीला कुरिअर, कस्टम ड्यूटी आणि लई दिवस जातात. पहिलाच जोड असेल तर जवळचा बनवणारा बघा.

सोबत ठेवायचं:

- आधार आणि पॅन, बाहेरून मागवलं तर कुरिअरला आणि कस्टम खात्याला केवायसी लागते.
- मापाचे चारी बाजूंनी काढलेले फोटो, तारखेसहित.
- ऑर्डर फॉर्म, त्यात मटेरियल, तोंड उघडं ठेवून घेतलेलं माप आहे ही नोंद, कनेक्टर कुठला, केबल किती लांब.
- बिल आणि वॉरंटी, रीफिट किती दिवस फुकट आहे ते लेखी.

डावं-उजवं मापावर लिहा. कवचाचा रंग निवडताना उजवा लाल आणि डावा निळा ही पद्धत आहे, स्टेजवर अंधारात मोबाईलच्या उजेडात पटकन ओळखू येतं. कनेक्टरमधे ०.७८ मिलिमीटरचा टू-पिन आणि एमएमसीएक्स असे दोन चालतात. मी टू-पिन सांगेन, एमएमसीएक्स गोल फिरतो आणि वापरून सैल झाला की करकर करतो. केबल वेगळी निघणारीच घ्या, कारण सगळ्यात आधी केबलच जाते.

माप कापसात गुंडाळू नका, तंतू चिकटतात. कडक प्लास्टिकच्या छोट्या डबीत ठेवा, दबणार नाही असं. आणि बनवणाऱ्याला सांगा की स्कॅनची फाइल जपून ठेवा, आणि मला पण पाठवा. पुढं जोड हरवला तर परत माप द्यायची गरज पडत नाही.

६. जोड आला, आता घरी तपासा

स्टेजवर पहिल्यांदा घालू नका. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग एक तास, असं वाढवत जा.

घालताना सरळ खुपसायचा नाही. एका हातानं कान वर आणि मागं ओढा, दुसऱ्या हातानं मोल्ड थोडा पुढं झुकवून टोक आत न्या आणि मग मागं फिरवून वरची कड बसवा, कुलपात किल्ली फिरवतो तसं. काढताना पण वरची कड आधी सोडवा, केबल धरून ओढलात तर कानात खेच बसते आणि पिन पण सैल होते. सुरुवातीला घट्ट वाटलं तर ऑडिओलॉजिस्टकडं पाण्यात धुऊन निघणारी जेल मिळते, ती एक थेंब बाहेरून लावा. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावू नका, आवाज येणाऱ्या भोकात जाऊन बसतं.

मग या तीन तपासण्या:

पहिली, केबल न जोडता दोन्ही घाला आणि तोंड मिटून "अं" असा एकसारखा सूर धरा. दोन्ही कानांत सारखा घुमला पाहिजे. एका बाजूला कमी घुमला तर त्या बाजूला फट आहे.

दुसरी, बेसचा लांब सूर असलेलं काहीतरी हळू आवाजात लावा आणि तोंड उघडा, हसा, मान डावीकडं-उजवीकडं पूर्ण फिरवा, वर बघा. कुठल्या हालचालीला बेस पातळ होतो ते कागदावर लिहा. थोडा फरक चालतो, एकदम गेला तर चालत नाही.

तिसरी, तुमचं सगळ्यात वरच्या पट्टीचं गाणं घरात पूर्ण आवाजात म्हणा, जोड घालून, नाचता-उड्या मारता तसं करून. शेजारी काय म्हणतील बघू नका, हीच खरी परीक्षा आहे.

७. दुखतंय किंवा सैल आहे, तर रीफिट

सगळीकडून सारखा दाब वाटत असेल तर आठवडाभरात सवय होते. पण एकाच ठिकाणी पंधरा-वीस मिनिटांनी टोचायला लागतं, काढल्यावर तिथं लाल खूण दिसते, आणि रोज तेच होतं, तर तो मोल्डचा दोष आहे, कानाचा नाही. आरशात बघून लाल खुणेचा फोटो काढा, मोल्डवर त्याच जागी मार्करनं ठिपका द्या आणि पाठवा. स्वतः पॉलिश पेपर घेऊन घासायला बसू नका, एक पोरगा बसला होता, कवचाला भोक पडून आतली वायर दिसायला लागली आणि वॉरंटी पण गेली.

बऱ्याच ठिकाणी ३० दिवस रीफिट फुकट असतो, आणि आपली माणसं काय करतात, सीझन आहे म्हणून वापरत राहतात आणि दोन महिन्यांनी फोन करतात. सीझनच्या मधे ऑर्डर देऊच नका. पावसाळ्यात द्या, गणपतीच्या आधी हातात येईल, आणि चुकलं तर दुरुस्तीला वेळ राहील. सैल असेल आणि माप मुळात उथळच गेलेलं असेल तर थर चढवून पण ते नीट होत नाही, नवीन माप द्या, माझ्या पहिल्या जोडाचं हेच झालं.

८. स्टेजवर आवाज किती ठेवायचा

चांगलं बसलेलं मोल्ड बाहेरचा साधारण २० ते २५ डेसिबल आवाज अडवतं. म्हणजे तुम्हाला आवाज कमी ठेवूनही सगळं स्पष्ट ऐकू येतं, आणि हाच खरा फायदा आहे. अमेरिकेची नायॉश संस्था कामाच्या ठिकाणासाठी मर्यादा सांगते, ८५ डेसिबलला ८ तास, आणि पुढं प्रत्येक ३ डेसिबलला वेळ अर्धा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९४ ला एकच तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. आपला कार्यक्रम तीन-चार तासांचा.

एक कान काढून गायची सवय असेल तर ती सोडा. पब्लिकचा आवाज येत नाही म्हणून सगळे काढतात, मला समजतं, पण उघडा कान स्टेजचा पूर्ण मार खातो आणि बंद कानात व्हॉल्यूम वाढवावा लागतो, दोन्ही बाजूनं नुकसान. त्यापेक्षा साउंडवाल्या भाऊला सांगून पब्लिककडं तोंड केलेला एक माईक फक्त तुमच्या मिक्समधे थोडा घ्या. आणि बेल्टपॅकला लिमिटर, म्हणजे आवाज एका हद्दीवर अडवणारी सोय, असेल तर चालू ठेवा, माईक पडला किंवा माईकनं शिट्टी मारली तर कान वाचतो.

९. ऊन, धूळ, घाम

कार्यक्रम संपला की कोरड्या मऊ कापडानं पुसा, मगच डबीत. डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा, बुटाच्या खोक्यात येते तीच चालते. टोकाच्या भोकात मळ दिसला तर सोबत येणाऱ्या छोट्या तारेच्या फासानं भोक खाली धरून काढा, वर धरलं तर मळ आत पडतो. सुई, टाचणी घालू नका.

ओलं करायचं झालं तर कापड घट्ट पिळून, आणि पिण्याच्या फिल्टरच्या पाण्यानं. आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड असतं, वाळलं की पांढरा थर धरतो, भांड्यावर धरतो तसाच. ॲक्रिलिकवर स्पिरीट किंवा सॅनिटायझर लावू नका, पॉलिश जातं आणि बारीक चिरा पडतात.

डबी छोट्या हत्तीच्या डॅशबोर्डवर ठेवायची नाही. मे महिन्यात बाहेर ४२-४३ असतं तेव्हा बंद गाडीत काचेखाली किती तापतं ते हात लावला की कळतं, त्यानं आतला गोंद सुटतो आणि केबल कडक होते. माझी डबी हार्मोनियमच्या पेटीत असते, आणि उन्हात पेटी पण मंडपात आधी जाते.

वजन आठ-दहा किलोनं कमी-जास्त झालं, किंवा दातांचं मोठं काम झालं, तर "अं" वाली तपासणी परत करा. आमच्या कोरसमधल्या एकाच्या दोन दाढा काढल्या आणि दोन महिन्यांनी उजव्या बाजूचं सील सुटायला लागलं, तो केबल बदलत बसला होता. ताईंकडं नेलं, नवीन माप घेतलं, कवच बदललं, ड्रायव्हर जुनेच बसवले.